गाडीतला स्टिरिओ आणि दहाचा पाना



थेट मुद्द्यावर येतो. ज्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षं जुनी पण अजून ठणठणीत चालणारी गाडी आहे, त्यांनी तिच्यातला कंपनीचा स्टिरिओ स्वतःच्या हाताने बदलावा, दुकानात देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे वाचतात हे खरंच, पण त्यासाठी मी एवढी लांबलचक मेल लिहिली नसती. माझं म्हणणं असं की गाडी उघडून तिच्यात काहीतरी आपलं बसवण्याची जी सोय आपल्याला आहे, ती फार वर्षं राहणार नाही. आणि आपल्यासारख्या शिकल्या-सवरलेल्या मंडळींनी ती कधी वापरलीच नाही, तर ती गेल्याचं आपल्याला कळणारसुद्धा नाही.

आधी आपली परिस्थिती बघा. इथे न्यू जर्सीत कुठल्याही मराठी घरात गणपतीला जमलेली माणसं मोजली तर त्यात इंजिनियरच इंजिनियर निघतात. कुणी टेलिकॉमवाला, कुणी चिप डिझाइन करतो, कुणी बँकेच्या सर्व्हरांचा डोलारा सांभाळतो. पण यजमानांच्या घरातला टेबलाचा पाय हलायला लागला की सगळे एकमेकांकडे बघतात. "अहो, पाना आहे का?" "होता हो एक सेट कुठेतरी, बेसमेंटमध्ये असेल." तो सेट घर घेतलं तेव्हा कुणीतरी भेट दिलेला असतो आणि त्याचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नसतं.

यात आपला दोष फारसा नाही. आपण वाढलो ते "मिस्त्रीला बोलवा" म्हणणाऱ्या घरांत. नळ गळला, प्लंबर. फ्यूज उडाला, वायरमन. वडिलांची फियाट असो की नंतरची मारुती ८००, तिच्यात स्टिरिओ बसवायचा म्हणजे बाजारातला एखादा कारागीर गाठायचा, तो सीटवर आडवा होऊन डॅशबोर्डखाली डोकं घालायचा आणि आपण बाहेर उभं राहून उसाचा रस प्यायचो. अभ्यास करणाऱ्या मुलाने हात काळे करायचे नाहीत, हा अलिखित नियम. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत जाऊन सुटे भाग आणणारी, घरी डाख देऊन रेडिओ बनवणारी पोरं तेव्हाही होती, पण त्यांना आपल्या घरात "नसते उद्योग" म्हणत.

आता माझी गाडी. २०११ची टोयोटा कोरोला, एक लाख चाळीस हजार मैल झालेली, इंजिनाची काही तक्रार नाही. त्या काळच्या कंपनीच्या स्टिरिओत सीडी लागते, हेडफोनच्या वायरने फोन जोडता येतो, बस्स. ॲपलचं कारप्ले जाहीर झालं २०१४ साली आणि अँड्रॉइड ऑटो गाड्यांत आलं २०१५ साली, म्हणजे माझ्या गाडीचा जन्म त्याआधीचा. २०२३ साली ही गाडी मुलगी कॉलेजला घेऊन जाणार असं ठरलं. ती नकाशासाठी फोन कप ठेवायच्या खळग्यात ठेवून एका डोळ्याने खाली बघत गाडी चालवायची. हायवेवर हे दृश्य शेजारच्या सीटवरून बघितल्यावर नवा स्टिरिओ ही चैन राहिली नाही. एका दुकानात विचारलं, तर स्टिरिओचे वेगळे आणि बसवण्याचे वरती १८० डॉलर सांगितले. मी आणि मुलीने ते काम एका शनिवारी, दुपारच्या जेवणाआधी सुरू करून चहाच्या वेळेला संपवलं.

काम काय असतं ते सांगतो, कारण भीती आहे ती न बघितल्याची.

जगातल्या बहुतेक जुन्या स्टिरिओंची मापं एका जर्मन प्रमाणावर ठरलेली आहेत, त्याचं नाव डिन. रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५० मिलिमीटर. दुप्पट उंचीचा, म्हणजे १०० मिलिमीटरचा, तो डबल डिन. हेच माप पुढे आयएसओ ७७३६ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय झालं. कुठल्या कंपनीची गाडी आणि कुठल्या कंपनीचा स्टिरिओ, पण माप एक. टोयोटाच्या डॅशबोर्डातली जागा मात्र २०० मिलिमीटर रुंद असते, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या लावाव्या लागतात. त्या पट्ट्या आणि जोडणीच्या वायरींचा जुडगा मिळून काही थोड्या डॉलरांत येतात. गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगितलं की दुकानदार बरोबर तेच देतो.

बहुतांश काम गाडीत नाहीच, ते जेवणाच्या टेबलावर आहे. नव्या स्टिरिओच्या वायरी आणि त्या जुडग्याच्या वायरी रंगाला रंग बघून जोडायच्या. पिवळी म्हणजे बॅटरीचा कायमचा पुरवठा, लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावर मिळणारा, काळी म्हणजे अर्थिंग, नारिंगी म्हणजे रात्री पडदा मंद करणारी. पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी या चार स्पीकरांच्या. त्यांच्याच काळ्या रेघेच्या जोडीदार म्हणजे उलटं टोक. पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली तर स्टिरिओ रोज सकाळी सगळं विसरून उठतो, इतकं हे साधं तर्कशास्त्र आहे. जोड पक्का हवा: डाख द्या किंवा नळीसारखा जोड चढवून चिमट्याने दाबून घ्या. नुसता पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळणं मला मान्य नाही. जुलै महिन्यात बंद गाडी तापली की पट्टीचा गोंद वितळतो आणि उघड्या तारा एकमेकींना भेटतात.

एक गोष्ट इंजिनियर मंडळींसाठी. स्पीकरची कुठलीही वायर गाडीच्या पत्र्याला जोडू नका. जुन्या काळच्या रेडिओत स्पीकरचं एक टोक सरळ अर्थ केलेलं असे. आताच्या स्टिरिओत स्पीकरची दोन्ही टोकं ॲम्प्लिफायर चालवतो. त्यातलं एक पत्र्याला टेकलं की चिपचं काम तमाम होऊ शकतं.

मग गाडी. दहाच्या पान्याने बॅटरीचं ऋण टोक सोडवायचं आणि थोडा वेळ थांबायचं, म्हणजे एअरबॅगची यंत्रणा शांत होते. पिवळ्या रंगाची जी सॉकेटं दिसतील ती बहुधा एअरबॅगची, त्यांना हात लावायचा नाही. स्टिरिओभोवतीची प्लास्टिकची चौकट नुसत्या खटक्यांवर बसलेली असते. प्लास्टिकच्याच पट्टीने हळूच उचकटली की ती निघते. त्या वेळी येणारा आवाज पहिल्यांदा ऐकताना पोटात गोळा येतो, पण तो खटका सुटल्याचा आवाज असतो, काही तुटल्याचा नव्हे. आत चार बोल्ट, तेही दहाच्या पान्याचे. स्टिरिओ पुढे ओढला की मागे दोन सॉकेटं आणि ॲन्टेना. ती काढून टेबलावर तयार केलेला जुडगा तिथे खोचायचा. गाडीची मूळ वायर एकही कापायची नाही. उद्या गाडी विकताना जुना स्टिरिओ परत जसाच्या तसा बसवता येतो.

फोनवर बोलण्यासाठीचा छोटा मायक्रोफोन बरेच लोक काचेशेजारच्या खांबावरून नेतात. तिथे पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते, म्हणून आम्ही तो स्टिअरिंगच्या मागच्या कव्हरवर बसवला. आणि स्टिरिओच्या फिक्या हिरव्या वायरीचं एक सांगतो. ती हँडब्रेकला जोडायची असते, म्हणजे गाडी उभी असतानाच सिनेमा दिसतो. ती कशी चकवायची हे शिकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. ते करू नका. खाली बघायला लागू नये म्हणून तर स्टिरिओ बदलायचा, मग पडद्यावर सिनेमा कशाला?

हात घातल्याचा एक फायदा असा की खोक्यावर लिहिलेलं खरं-खोटं कळायला लागतं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत असतं "५० वॉट गुणिले ४". आता गणित करा. गाडी चालू असताना साधारण १४.४ व्होल्ट मिळतात, स्पीकर ४ ओहमचा. स्वच्छ साइन वेव्ह धरली तर १४.४ चा वर्ग भागिले ८, म्हणजे जेमतेम २६ वॉट, आणि त्यातलाही काही भाग चिप स्वतःच खाते. मग ५० कुठून आले? आवाज इतका चढवला की लाटेचे माथे छाटले जाऊन तिची चौकोनी भिंत होते, तेव्हा १४.४ चा वर्ग भागिले ४ म्हणजे ५२ वॉट येतात. भीमसेनजींचा तार षड्ज अशा आवाजात ऐकायची कुणाची इच्छा असेल असं वाटत नाही. तेव्हा नवीन स्टिरिओने आवाज दुप्पट होईल ही अपेक्षा ठेवू नका. आवाज सुधारायचा असेल तर दारातले स्पीकर बदला. तेही घरी होतं.

आता नेहमीच्या हरकती.

पहिली: "माझ्या तासाचा दर बघता हे परवडत नाही." हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलंय. पण शनिवारी दुपारी तुमच्या तासाला कोण पैसे देतंय? तो वेळ एरवी सोफ्यावरच जाणार असतो. आणि हाच हिशेब लावायचा तर पोळ्या, बागकाम, मुलांना शुद्धलेखन शिकवणं, यातलं काहीच परवडत नाही.

दुसरी: "वॉरंटी जाईल." १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार अमेरिकेत केवळ दुसऱ्या कंपनीचा भाग बसवला एवढ्या कारणावरून उत्पादकाला वॉरंटी नाकारता येत नाही; त्या भागामुळेच बिघाड झाला, असा संबंध असावा लागतो. आणि आपण इथे ज्या गाड्यांबद्दल बोलतोय त्यांची वॉरंटी कधीच संपलेली आहे.

तिसरी हरकत मला पटते: "सगळ्याच गाड्यांत जमत नाही." बरोबर. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरी काढली की मूळ रेडिओ कोड मागतो, तो आधी शोधून ठेवावा. काही महागड्या जर्मन गाड्यांत स्टिरिओ, ॲम्प्लिफायर वगैरे काचेच्या तंतूच्या एका साखळीत ओवलेले असतात, त्यातली एक कडी काढली की बाकीच्या मुक्या होतात. तिथे जाणत्या माणसाकडेच जावं. मे २०१८ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला मागचा कॅमेरा सक्तीचा आहे आणि त्याचं चित्र बहुधा स्टिरिओच्याच पडद्यावर येतं. म्हणजे अशा गाडीत स्टिरिओ हे सुरक्षेचं साधन झालं. तिथे बदल करायचाच असेल तर कॅमेरा नव्या पडद्यावर चालतोय हे बघितल्याशिवाय डॅशबोर्ड बंद करू नये.

आणि इथेच मूळ मुद्दा येतो. नव्या गाड्यांत डिनच्या मापाचा डबा उरलेला नाही. स्टिरिओ, एसी, सीटची ऊब, गाडीच्या सेटिंग, सगळं एका मोठ्या काचेत गेलं आहे. ती काच काढून दुसरी बसवणं सामान्य माणसाच्या हातात नाही. मग तिच्यात काय चालावं हे कंपनी ठरवते. जनरल मोटर्सने मार्च २०२३ मध्ये जाहीर केलं की पुढच्या विजेवरच्या गाड्यांत कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो देणार नाही. बीएमडब्ल्यूने २०२२ साली काही देशांत सीट गरम करण्यासाठी महिन्याची वर्गणी ठेवली होती. सीट गाडीत, तारा सीटमध्ये, पण बटन वर्गणीवर! लोकांनी आरडाओरडा केल्यावर २०२३ मध्ये ते बंद केलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये एटी अँड टीने थ्रीजी बंद केलं, तेव्हा अपघात झाल्यास आपोआप मदत मागणारी सोय बऱ्याच गाड्यांतून एका रात्रीत गेली. गाड्या चांगल्या होत्या, फक्त आतला फोन जुना झाला होता. तो काढून नवा घालायची सोय मालकाला कुणी ठेवलीच नव्हती. माझ्या कोरोलातला जुना डबा जुना झाला तेव्हा मी चार बोल्ट सोडवले. या लोकांनी काय सोडवावं?

मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ साली आणि पुन्हा २०२० साली दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. दुसऱ्या वेळी जवळजवळ पंचाहत्तर टक्के मतं पडली. मोटार कंपन्यांची संघटना लगेच कोर्टात गेली आणि त्यात वर्षानुवर्षं गेली. असे प्रश्न उद्या आपापल्या राज्यात येतील. तेव्हा मत कोण देणार? ज्याने कधी पाना हातात धरलेला नाही त्याला "सुरक्षेच्या दृष्टीने फक्त अधिकृत केंद्रातच दुरुस्ती" हे वाक्य पटकन पटतं. ज्याने एकदा डॅशबोर्ड उघडून बंद केलाय तो निदान विचारतो, "म्हणजे नेमकं काय धोक्याचं आहे, दाखवा."

आणखी एक, जे मला स्वतःला फार मोलाचं वाटतं. त्या दिवशी मुलीने सुरुवातीला फक्त टॉर्च धरला होता. थोड्या वेळाने तिनेच "बाबा, तुमचे हात मोठे आहेत, सरका" म्हणून आतली सॉकेटं लावली. पुढे काही महिन्यांनी कॉलेजातून फोन आला. फोन चार्ज करायचं सॉकेट बंद पडलं होतं, तिने गाडीचं पुस्तक उघडलं, फ्यूज शोधला, बदलला आणि हे सगळं झाल्यावर मला सांगायला फोन केला. माझ्या पिढीने हेच काम झालं नसतं म्हणून फोन केला असता.

दुसरा परिणाम माझ्यावर झाला. दुकानातल्या त्या १८० डॉलरकडे मी आता वेगळ्या नजरेने बघतो. खटके न तोडता चौकट काढणं, मागच्या अरुंद जागेत वायरी कशाला न घासता बसवणं, हे कौशल्य आहे. ते करून बघितल्यावर मिस्त्रीशी वीस डॉलरसाठी घासाघीस करायला जीभ रेटत नाही. आपल्या लहानपणी सीटवर आडव्या झालेल्या त्या माणसाचं नावसुद्धा आपण कधी विचारलं नव्हतं.

दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा करतात. इथेही आपण ड्राइव्हवेवर गाडीला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, हळदकुंकू वाहतो आणि फोटो भारतात पाठवतो. लॅपटॉपचीही पूजा होते, तेही ठीकच आहे. पण अवजारांच्या पूजेत एकही अवजार नसावं हे मला खटकतं. तेव्हा माझी सूचना एवढीच: यंदा दसऱ्याच्या आत एक दहाचा पाना, एक पक्कड, एक वायर सोलायचं हत्यार आणि प्लास्टिकच्या उचकटण्या विकत आणा. गाडी जुनी असेल तर स्टिरिओ बदला. गाडी नवी असेल तर निदान फ्यूजचा डबा कुठे आहे ते शोधून ठेवा. मुलांना सोबत घ्या आणि टॉर्च तुम्ही धरा.

कुणाकडे जुनी होंडा, निस्सान किंवा फोर्ड असेल आणि तिच्यात काय अडतं याचा अनुभव असेल तर जरूर लिहा. माझ्याशी असहमत असाल तर नक्कीच लिहा, पण आधी एकदा ती चौकट उचकटून बघा. :-)

चू.भू.द्या.घ्या. लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
एक कोरोलावाला